घराची जमीन कशाची करायची? लाल कोबा, मोझॅक की चकचकीत टाईल्स : काळ्या मातीत घर बांधणाऱ्यांसाठी थोडी माहिती

फुलसावंगी (ता. महागाव, जि. यवतमाळ) : कापूस घरात आला, सोयाबीनचे पैसे हातात आले की आपल्या भागात बांधकामं सुरू होतात. घरकुलाचा हप्ता पडलेला असतो, थोडं सोनं मोडलेलं असतं, थोडे पैसे पुण्या-मुंबईत कामाला गेलेल्या मुलाने पाठवलेले असतात. पाया, भिंती, स्लॅब, छपाई असं करत करत काम जमिनीपर्यंत येतं, तोवर खिसा रिकामा झालेला असतो. मग कोणी तरी सांगतं, "टाईल्सच टाका, नाही तर घर घरासारखं दिसत नाही." पुसद किंवा उमरखेडच्या दुकानातून मोरबीच्या टाईल्सचे बॉक्स उधारीवर येतात. दोन-तीन पावसाळ्यांनी त्याच टाईल्स मधूनच फुगतात, पाय ठेवला की पोकळ आवाज देतात आणि कोपऱ्यातून भिंतीला समांतर एक लांब फट पडते.

दोष टाईल्सचा असतोच असं नाही. बहुतेक वेळा तो टाईल्सच्या खाली असतो. टाईल्सशिवाय दुसरा पर्यायच नाही, असं जे आपण धरून चाललो आहोत तेही खरं नाही. सिमेंट-काँक्रीटचीच जमीन, रंग घालून, घोटून, खडे पेरून इतकी सुंदर करता येते की पाहुणा विचारतो, हे काय आहे? आणि हे काही परदेशातून आलेलं नवं खूळ नाही. आपल्या दादी-नानीच्या घरात जो लाल, गुळगुळीत कोबा होता, तोच हा.

कोबा म्हणजे काय?

सिमेंट, रेती आणि बारीक गिट्टी यांचा दीड-दोन इंचाचा थर टाकून वरून घोटून गुळगुळीत केलेली जमीन म्हणजे कोबा. इंजिनिअर लोक याला 'आयपीएस' म्हणतात, म्हणजे इंडियन पेटंट स्टोन. नावात 'स्टोन' आहे, पण दगड नाही. जागेवरच ओतलेलं काँक्रीट आहे. हे काम कसं करावं याचं भारतीय मानकसुद्धा आहे, आयएस २५७१, १९७० सालचं. म्हणजे मिस्त्रीने 'आमच्याकडे असंच करतात' म्हटलं, तरी कसं करायला पाहिजे ते लिहून ठेवलेलं आहे.

कोब्याच्या वरच्या थरात लोहाचा ऑक्साईड, म्हणजे दुकानात मिळणारी 'रेड ऑक्साईड' पावडर मिसळली की लाल कोबा तयार होतो. पिवळा आणि काळा रंगही लोहाच्याच ऑक्साईडचे असतात, हिरवा क्रोमियमच्या ऑक्साईडचा. हे रंग खनिज आहेत. उन्हाने विटत नाहीत आणि सिमेंटमधल्या चुन्याने मरत नाहीत. साधा कपड्याचा रंग, रांगोळीचा रंग किंवा भिंतीचा गेरू यात घालू नये. गेरूत माती असते, ती सिमेंटची पकड कमी करते, आणि स्वस्त रंग तर सिमेंटच्या खारटपणाने काही महिन्यांत उडून जातात.

घोटून चमक आणायची कला आपल्याकडे सिमेंटच्याही आधीची आहे. औरंगाबादचा बीबी का मकबरा पाहिलेल्यांना माहीत असेल, त्यात सगळा संगमरवर नाही. बराचसा भाग चुन्याचा घोटलेला गिलावा आहे, आणि साडेतीनशे वर्षांनंतरही लोक त्याला हात लावून बघतात की हा दगड आहे की काय. सिमेंट त्यामानाने कालचं. इंग्लंडमध्ये १८२४ साली जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं, आणि आज आपल्याच जिल्ह्यात, झरी-जामणी तालुक्यातल्या मुकुटबनला, सिमेंटचा मोठा कारखाना आहे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात तर अनेक आहेत. माल जवळचा आहे. कारागिरी मात्र हातातून निसटत चालली आहे.

आधी मातीचं बघा

हा भाग आम्ही मुद्दाम लांबवणार आहोत, कारण पैसा इथेच बुडतो.

पैनगंगेच्या खोऱ्यातली आपली माती काळी, कापसाची. पिकाला सोनं, घराला वैरी. पाणी पिऊन ती फुगते आणि उन्हाळ्यात सुकून आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत. तीच माती घराच्या जमिनीखाली राहिली तर ती तिथेही तेच करणार. भिंतींवर स्लॅबचं वजन असतं आणि पाया खोल गेलेला असतो, म्हणून भिंती तग धरतात. खोलीतली जमीन मात्र हलकी, नुसती मातीवर टेकलेली. खालून माती फुगली की मधोमध उचलली जाते, सुकली की खाली पोकळी राहते. वर टाईल्स असोत, कोबा असो की महागडा ग्रॅनाईट असो, तडा ठरलेला.

उपाय साधा आहे, पण मेहनतीचा. जोत्याच्या आतली काळी माती जमेल तेवढी काढून टाकायची. पाया खोदताना निघालेली तीच माती खोलीत भरून 'भराई झाली' म्हणायची जी पद्धत आहे, ती बंद करायची. मजुरी वाचते खरी, पण पुढचं सगळं काम त्या वाचलेल्या मजुरीवर उभं राहतं. भराई मुरमाची करायची, आणि तीही एकदम ट्रॉली ओतून नाही. सहा-सहा इंचांचा थर, प्रत्येक थरावर पाणी, प्रत्येक थराला धुमसाने कुटणं. धुमस नसेल तर मशीन भाड्याने मिळतं. एक पावसाळा भराई तशीच बसू दिली तर उत्तमच, पण घाई असलेल्याला ते सांगून उपयोग नाही हे आम्हालाही कळतं.

मुरमावर दगडांची सोलिंग, तिच्या फटींत चुरी, आणि त्यावर ३ ते ४ इंच जाड साधं काँक्रीट. याचं प्रमाण १:४:८ चाललं, म्हणजे १ घमेलं सिमेंट, ४ रेती, ८ गिट्टी. सोलिंग आणि काँक्रीट यांच्यामध्ये जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला तर जमिनीतली ओल वर चढत नाही. शेततळ्याला वापरतात तसला, पण थोडा हलका चालतो. जोडाच्या ठिकाणी एकावर एक वीतभर चढवायचा. हा कागद फार महाग नसतो, आणि आमच्या पाहण्यातल्या बहुतेक घरांत तो टाकलेलाच नसतो.

जोत्याची उंची किती? रस्त्यापेक्षा दीड-दोन फूट तरी. आणि 'रस्ता' म्हणजे आजचा नाही, पुढच्या वेळी डांबर किंवा काँक्रीट चढल्यावर होणारा. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढलं होतं, ते कोणी विसरलेलं नाही. नाल्याकाठच्या मोहल्ल्यात ज्यांना घर बांधायचं आहे त्यांनी जमिनीची नक्षी नंतर बघावी, जोतं आधी.

आणखी एक. कोबा भिंतीला घट्ट चिकटवू नका. कडेने थर्माकोलची किंवा जाड पुठ्ठ्याची पातळ पट्टी लावा. भिंत आणि जमीन आपापल्या परीने थोडं हलतात. त्यांना एकमेकांत अडकवलं की कोपऱ्यातून फट जाते. वरून स्कर्टिंग आलं की ती पट्टी दिसतही नाही.

माल किती लागतो

१० बाय १२ ची खोली धरा. १२० चौरस फूट. दोन इंचाचा कोबा, प्रमाण १:२:४. याला सिमेंट साधारण साडेतीन बॅगा, रेती ९ घनफूट आणि बारीक गिट्टी १७-१८ घनफूट लागते. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे रेती ब्रासच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. वरच्या रंगीत थराला आणखी अर्धी बॅग सिमेंट धरा. थोडी नासधूस धरून खोलीला साडेचार बॅगा आणून ठेवल्या तर काम अडत नाही.

पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्र स्वयंपाकघरासह २५ चौरस मीटर आहे. म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. सपाट भागातलं मूळ अनुदान १ लाख २० हजार. एवढ्या घराच्या कोब्याला आठेक बॅगा आणि वरच्या थराला एक-सव्वा बॅग लागेल. आता हाच हिशेब टाईल्सच्या बॉक्सचा, खालच्या मसाल्याचा, बसवण्याच्या मजुरीचा आणि फुटतुटीचा करून बघा. आम्ही इथे भाव छापत नाही, कारण ते महिन्याला बदलतात. पण कागदावर दोन रकाने करून लिहिलं की फरक डोळ्यांना दिसतो.

सिमेंटच्या बॅगेवर ती कोणत्या आठवड्यात भरली ते छापलेलं असतं. तीन महिन्यांवर जुनी बॅग जमिनीच्या कामाला घेऊ नका. रेती तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या बरणीत अर्धी रेती, वर पाणी आणि चिमूटभर मीठ टाकून हलवा, तीन तास ठेवा. वर गाळाचा थर बसेल. तो रेतीच्या दहाव्या हिश्श्याइतका असेल तर ती रेती धुतल्याशिवाय वापरू नका. पाण्याचंही तेच. ज्या बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरं चढतं, त्या पाण्याने लाल कोब्यावरही पांढरे डाग उमटतील.

लाल कोबा कसा घालतात

खालचं काँक्रीट झाडून, धुऊन, रात्रभर ओलं ठेवायचं. सकाळी साचलेलं पाणी पुसून सिमेंटचं पातळ पाणी मारायचं आणि ते सुकायच्या आत कोब्याचं काँक्रीट ओतायचं. एका बॅगेला २२ ते २५ लिटर पाणी पुरे. मिस्त्री आणखी एक बादली ओततो, कारण माल पातळ झाला की पसरायला सोपा जातो. पण ते जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि जागा पोकळ सोडतं. तिथून तडे, तिथून धूळ.

खोली एकदम भरायची नाही. काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावून तीन-चार फुटांचे चौकोन करायचे आणि एक सोडून एक चौकोन भरायचा. काँक्रीट सुकताना आकसतंच. त्याला कुठे फाटायचं ते आपण ठरवून दिलं नाही तर ते स्वतः ठरवतं. पट्ट्यांमुळे नक्षीही होते, एक चौकोन लाल, एक काळा, कडेने पिवळी किनार. जुन्या वाड्यांत आणि कोकणातल्या घरांत अशा जमिनी आजही आहेत.

माल समतल करून पाटा ओढल्यावर थांबायचं. वर आलेलं पाणी नाहीसं होऊ द्यायचं. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. ते पाणी लवकर सुकावं म्हणून वरून कोरडी सिमेंटची भुकटी मारतात आणि थापी फिरवतात. काम चटकन चकाकतं, मालक खूश होतो. पण ती भुकटी खालच्या मालाशी एकजीव होत नाही. वर्षभरात पापुद्रे निघतात आणि झाडू मारला की रोज पांढरी धूळ. मिस्त्री भुकटी मारायला लागला तर हात जोडून थांबवा.

रंगाचा थर वेगळा कालवायचा. सिमेंट आणि ऑक्साईड कोरडेच एकत्र करून दोन-तीनदा चाळून घ्यायचे, म्हणजे ठिपके राहत नाहीत. आणि अख्ख्या खोलीला पुरेल एवढं एकाच वेळी चाळून ठेवायचं. निम्मं आज, निम्मं उद्या कालवलं तर दोन छटा होतात, आणि त्या पुसता येत नाहीत. जुने कारागीर घोटायच्या पातळ थरात तीन-चार भाग सिमेंटला एक भाग ऑक्साईड घालत. काँक्रीटच्या पूर्ण जाडीत रंग मिसळायचा असेल तर सिमेंटच्या वजनाच्या १० टक्क्यांपुढे जाऊ नये, असा नियम आहे. त्यापुढे रंग गडद होत नाही, ताकद मात्र घटते. फिका पिवळा, हिरवट असे रंग हवे असतील तर साध्या राखाडी सिमेंटऐवजी पांढरं सिमेंट घ्यावं लागतं, नाही तर रंग मळकट दिसतो.

हा थर खालचा माल अजून ओलसर असतानाच चढवायचा आणि पोलादी गुरमाळ्याने घोटायचा. एकदा, मग थोडं थांबून दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी जोर थोडा जास्त. लाल कोब्याची चमक पॉलिशची नसते, ती या घोटण्याची असते. म्हणून १० बाय १२ ची खोली करायची तर कारागिराचा अख्खा दिवस त्याच खोलीला द्यावा लागतो. चौरस फुटावर मजुरी ठरवली तर तो घाई करणार, त्यात त्याचाही दोष नाही. या कामाला रोजीने पैसे द्या.

आमच्याकडे मे महिन्यात ४३-४४ अंशांचं ऊन. त्यात दुपारी कोबा टाकला तर संध्याकाळी केसांसारख्या भेगा. काम पहाटे सुरू करा, खिडक्यांना ओली पोती लावा, पंखा बंद ठेवा. दुसऱ्या दिवसापासून तराई. कडेने मातीची पाळ करून पाणी साचवा किंवा ओली पोती अंथरा. आजकाल बाजारात मिळणारं सिमेंट बहुतेक राखमिश्रित, पीपीसी असतं. त्याला ताकद सावकाश येते. मानकाप्रमाणे त्याला किमान १० दिवस पाणी हवं, आणि आपल्यासारख्या कोरड्या, तापलेल्या हवेत १४ दिवस. तीन दिवस पाणी मारून पलंग लावणारे लोक नंतर सिमेंट कंपनीला शिव्या देतात.

पाणी बंद केल्यावर जमीन सावकाश सुकू द्या. मग खोबरेल तेलाचा हात किंवा मेणाचं पॉलिश. पहिलं वर्षभर महिन्या-दीड महिन्याने तेलाचं फडकं फिरवलं की रंग खुलत जातो. लाल कोबा जुना होईल तसा छान दिसतो, टाईल्सचं तसं नाही.

मोझॅक आणि नक्षीच्या फरशा

ज्यांना रंगीबेरंगी खडे आवडतात त्यांच्यासाठी मोझॅक. इटलीत संगमरवराच्या कामातून उरलेल्या तुकड्यांपासून 'टेराझो' सुरू झाला, तोच आपल्याकडे मोझॅक या नावाने सरकारी कचेऱ्या, शाळा, दवाखाने आणि एसटी स्टँडांवर पोचला. सिमेंटमध्ये संगमरवराच्या चिप्स मिसळून पाव-अर्ध्या इंचाचा थर, आणि आठवडाभराने मशीनने घासणं. आधी ६० नंबरचा दगड, मग १२०, शेवटी ३२०. दोन घासण्यांच्या मध्ये सिमेंटचं पाणी भरून बारीक छिद्रं बुजवायची आणि पुन्हा तराई. हजारो माणसांच्या पायांखाली चाळीस-पन्नास वर्षं टिकलेल्या मोझॅकच्या जमिनी आपण रोज बघतो, फक्त लक्ष देत नाही. आणि झिजली तर ती पुन्हा घासून नवी करता येते. टाईलचं वरचं काचेचं कवच गेलं की गेलं.

महाराष्ट्रात नक्षीच्या सिमेंट फरशीचा इतिहास स्वदेशी चळवळीशी जोडलेला आहे. १९२२ साली फिरोजशा सिधवा आणि त्यांचे पुतणे रुस्तम सिधवा या पारशी काका-पुतण्यांनी भारत टाईल्सचा उद्योग सुरू केला. तेव्हा चांगल्या फरशा परदेशातून येत, आणि आपल्याकडेही त्या तोडीचा माल होऊ शकतो हे दाखवायचं होतं. साच्यात रंगीत सिमेंट ओतून, दाबाखाली दाबून या फरशा होतात. त्यांना भट्टी लागत नाही. मुंबईच्या जुन्या इमारतींत फुलं-वेलींच्या, चौकटींच्या ज्या जमिनी दिसतात, त्या या प्रकारच्या. पुढे चिनी मातीच्या टाईल्स आल्या आणि ही फरशी मागे पडली. आता शहरातले पैसेवाले लोक तीच फरशी शोधून, चढ्या भावाने बसवतात. आपण मात्र जुन्या घरातली मोझॅक उखडून त्यावर टाईल्स चढवतो आहोत. जुनं घर पाडताना किंवा दुरुस्त करताना खाली काय आहे ते एकदा धुऊन बघा, इतकंच आमचं म्हणणं.

नवे प्रकार

मोबाईलवर व्हिडिओ बघून बरेच जण विचारतात, म्हणून थोडक्यात. छापाचं काँक्रीट, म्हणजे ओल्या काँक्रीटवर रबरी साचे दाबून दगड, विटा किंवा लाकडाचा आभास आणायचा. अंगणाला, गाडी उभी करायच्या जागेला शोभतं. पण साचे, रंग आणि सराईत टोळी शहरातून आणावी लागते, आणि एका घराच्या अंगणासाठी ते परवडत नाही. वरचं सीलर दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा मारावं लागतं. गावात अंगणाला पेव्हर ब्लॉक बरे. माती हलली तरी ते उचलून पुन्हा बसवता येतात.

पॉलिश काँक्रीटमध्ये हिऱ्याच्या कणांच्या चकत्यांनी जमीन टप्प्याटप्प्याने घासतात आणि मध्ये सिलिकेटचं द्रावण मुरवून वरचा भाग कठीण करतात. शोरूम, मोठा हॉल यांना उत्तम. दोन खोल्यांच्या घरासाठी मशीन आणणं म्हणजे कोंबडीसाठी तलवार. मायक्रोसिमेंट हा दोन-तीन मिलिमीटरचा थर जुन्या टाईल्सवरही चढतो, पण महाग आहे आणि खालच्या प्रत्येक तड्याची नक्कल वर उमटवतो.

इपॉक्सी चकचकीत असते, दवाखाना, मेडिकल, वर्कशॉप यांना चांगली. घरात लावायच्या आधी एक चाचणी करा. दीड फूट बाय दीड फूट प्लॅस्टिक जमिनीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि रात्रभर, किमान १६ तास, तसंच ठेवा. सकाळी आत थेंब दिसले किंवा जमीन काळवंडली, तर खालून ओल येते आहे. अशा जमिनीवर इपॉक्सीचे फोड येतात. काँक्रीट २८ दिवसांहून नवं असेल तरी थांबा. आणि थेट ऊन येणाऱ्या ओसरीत ती पिवळी पडते.

पाय घसरू नये म्हणून

घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं की पुढे काय होतं, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे. अंथरूण, ऑपरेशन, नांदेड-यवतमाळच्या चकरा. आणि पडण्याची जागा बहुतेक ठरलेली असते, न्हाणीघर, मोरी, किंवा वुजू करून ओल्या पायांनी जिथून खोलीत यायचं ती दोन पावलं.

घोटलेला लाल कोबा ओला झाला की तोही घसरतो, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. म्हणून ओल्या जागी घोटूच नका. लाकडी रंध्याने खरखरीत ठेवा, किंवा ओल्या मालावर झाडूच्या रेघा ओढा. सुतळी दाबून चौकोनी रेघा काढायची जुनी पद्धत आहे, ती दिसायलाही चांगली आणि पायाला पकडही देते. ढाळ मोरीकडे, फुटाला पाव इंच. मशिदीच्या वुजूखान्यात आणि सहनमध्ये नवी जमीन होत असेल तर चकचकीत ग्रॅनाईटचा हट्ट धरणाऱ्यांनी ऐंशी वर्षांच्या नमाज्याचा विचार करावा. पायरीच्या जागी उतार करणार असाल तर १ फूट उंचीला १२ फूट लांबी धरा, व्हीलचेअर ढकलता येते.

स्वयंपाकघरात सिमेंटची जमीन करताना एक अडचण आहे. लिंबू, चिंच, दही, व्हिनेगर यांचा आंबटपणा सिमेंट खातो आणि संगमरवराच्या चिप्सही खातो. सांडलं की लगेच पुसायचं. ओट्याच्या पुढे तीन फूट पट्टा ग्रॅनाईटचा केला तर चिंता मिटते; दोन्ही एका घरात चांगले दिसतात. संडास-बाथरूमसाठी बाटलीत मिळणारं ॲसिड मोझॅकवर किंवा कोब्यावर कधीही टाकू नका. साधा साबण आणि कोमट पाणी पुरे.

काम करणाऱ्यांसाठी

आमच्या वाचकांत मिस्त्री, फरशी बसवणारे, पॉलिशवाले बरेच आहेत. त्यांच्या घरच्यांनी हे वाचावं. फरशी, ग्रॅनाईट, काँक्रीट कोरडं कापलं किंवा घासलं की जी बारीक धूळ उडते, तिच्यात सिलिका असते. ती फुप्फुसात बसते, हळूहळू तिथे व्रण होतात, दम लागतो. याला सिलिकोसिस म्हणतात आणि तो बरा करणारं औषध नाही. बऱ्याचदा टीबी समजून उपचार चालतात. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. पाणी सोडत कापायचं, पाणी टाकत घासायचं, आणि एन-९५ मास्क लावायचा. मालकाने पाण्याची सोय करून द्यायची, ती उपकार म्हणून नाही.

ओलं सिमेंट कातडी जाळतं. गुडघ्यावर बसून दिवसभर घोटणाऱ्याच्या पँटमधून ते आत झिरपतं आणि संध्याकाळी जखमा दिसतात. रबरी हातमोजे, गुडघ्याला प्लॅस्टिक, आणि लागलं की लगेच भरपूर पाण्याने धुणं. मोझॅकच्या शेवटच्या पॉलिशला वापरतात ती ऑक्झॅलिक ॲसिडची पांढरी पावडर साखरेसारखी दिसते, पण विषारी असते. ती मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेला १८ ते ६० वयाचा कोणीही कामगार, स्त्री असो की पुरुष, महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करू शकतो. १९९६ च्या कायद्याने हा हक्क मिळाला. रेती-गिट्टी डोक्यावर वाहणाऱ्या बहिणींची नोंदणी सर्वांत कमी केली जाते. ९० दिवसांच्या दाखल्यासाठी त्यांना ग्रामपंचायतीत सोबत घेऊन जा.

जुन्या जमिनीला तडा गेला असेल तर

आधी तो जिवंत आहे का बघा. तड्यावर आडवी, पेन्सिलने दोन खुणा करा, मधलं अंतर लिहून ठेवा, आणि उन्हाळा व पावसाळा दोन्ही जाऊ द्या. अंतर बदललं तर खालची माती अजून हलते आहे. वरून काहीही भरलं तरी ते पुन्हा उघडणार. तेवढी जागा उकरून मुरूम भरावा लागेल. अंतर बदललं नाही तर तडा इंग्रजी 'व्ही'सारखा थोडा रुंद करून, धूळ काढून, सिमेंट-ऑक्साईडचा घट्ट माल भरा. रंग तंतोतंत जुळणार नाही. काही कारागीर मुद्दाम तिथे सरळ खाच पाडून काळी पट्टी भरतात आणि समोर तशीच दुसरी काढतात, म्हणजे ती नक्षीच वाटते.

आणि मिस्त्रीशी बोलणं करताना पाच-सहा गोष्टी वहीत लिहून दोघांनी सही करा : भराई कशाची आणि किती थरांत, प्लॅस्टिक टाकणार की नाही, कोब्याची जाडी, चौकोनांचं माप, भुकटी मारायची नाही, तराई कोण करणार. शेवटचा मुद्दा विसरू नका. तराई मिस्त्रीची असं मालक समजतो, मालकाची असं मिस्त्री समजतो, आणि चौदा दिवस जमीन कोरडी पडून राहते.